फास्ट कार : ट्रेसी चॅपमनचं आणि ल्यूक कोम्ब्सचं

नीलमोहर

अमेरिकन गायिका-गीतकार ट्रेसी चॅपमनचं 'फास्ट कार' आलं १९८८ मध्ये. ल्यूक कोम्ब्स या कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत) गायकाने २०२३ मध्ये 'गेटिन ओल्ड' या अल्बमात ते गायलं आणि बिलबोर्डच्या हॉट १०० या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकन यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत नेलं. मूळ गाणं त्याच यादीत सहाव्यापर्यंत चढलं होतं. तेव्हापासून सुरू झालेला वाद अजून अधूनमधून डोकं वर काढतो आणि टीकेचा सूर ठरलेला असतो. गडी गातो चांगला, पण त्याने त्यात स्वतःचं काय घातलं? चाल तीच, गिटारची सुरावट तीच, शब्द तेच. मग मूळ गाणं हाताशी असताना हे कशाला ऐकायचं?

मला वाटतं, त्याने काही घातलं नाही हीच त्याची कमाई आहे.

गाण्यातल्या मुलीची आई घर सोडून गेलीय, बाप पितो आणि शाळा सोडून तीच त्याचं बघते. एका छोट्या दुकानात काम करून चार पैसे गाठीला बांधते. मग गाडीवाल्या मित्राबरोबर शहरात येते आणि सुपरमार्केटच्या काउंटरवर बिलं करायला लागते. त्या ओळीत ती स्वतःला 'चेकआउट गर्ल' म्हणते. ल्यूक म्हणजे दाढीवाला, दणकट अंगाचा पुरुष. इंग्रजी पॉपमध्ये बाईचं गाणं पुरुषाने घेतलं की तो सर्रास असे शब्द फिरवतो. इथेही एका शब्दाचं काम होतं, कुणी काही म्हटलं नसतं. त्याने ते केलं नाही. त्यामुळे ऐकताना तो स्वतःची कर्मकहाणी सांगतोय असं वाटतच नाही. तिची गोष्ट त्याने मनापासून ऐकलीय आणि आता ती आपल्याला सांगतोय, असं वाटतं.

म्हणून प्रश्न असा : कव्हर करताना, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपल्या आवाजात गाताना, गायकाने गाणं बदललंच पाहिजे का? आणि या दोनांतलं तुम्ही कोणतं ऐकता?

खर्जातला

धागा छान, मत अजिबात पटलं नाही.

कव्हर करायचं तर गाण्याला नवा अर्थ द्या. 'रिस्पेक्ट' आधी ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये लिहिलं आणि गायलं. कमावून घरी येणाऱ्या पुरुषाची बायकोकडे मागणी, एवढाच त्याचा आवाका. दोन वर्षांनी आरेथा फ्रँकलिनने तेच घेतलं, शब्दाची अक्षरं एकेक करून ठणकावून म्हणायचा भाग घातला, मागून बहिणींचा कोरस लावला, आणि मागणी बाईची झाली. आज ते गाणं ओटिसचं आहे हे सांगावं लागतं. याला म्हणतात कव्हर.

ल्यूकचं म्हणजे भारी कागदावर काढलेली झेरॉक्स. सुबक आहे, पण मूळ प्रत कपाटात असताना मी ती का उघडू?

झणत्कार

कपाटातली प्रत शोधायला लोक उठतच नाहीत हो. ती झेरॉक्स हातात पडली की मग विचारतात, मूळ कुठंय?

हायवेकर

झणत्कार यांनी माझंच चरित्र लिहिलं.

मी अमेरिकेत ट्रकच्या धंद्यात आहे, दिवसदिवस गाडी चालवतो. रेडिओला कंट्री स्टेशन लावलेलं असतं, कारण गावांच्या मधल्या पट्ट्यात बऱ्याचदा तेच नीट लागतं. २०२३ च्या उन्हाळ्यात हे गाणं तासातासाला वाजायचं. कंट्री स्टेशनांवर सर्वाधिक वाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत, म्हणजे कंट्री एअरप्लेत, पहिलं आलं होतं. मी ल्यूककडून ट्रेसीकडे गेलो. त्याच्यामुळे तिचा पहिला अल्बम मिळाला आणि आता गाडीत तोच जास्त वाजतो.

ल्यूक मुलाखतीत सांगतो की तो लहान असताना वडिलांच्या ट्रकमध्ये तिची कॅसेट वाजायची, तिथे हे गाणं त्याच्या मनात बसलं. गाडीत बसून गाडीचं गाणं ऐकलेला पोरगा तो. त्याच्या गाण्यात ते मला ऐकू येतं. खर्जातला, झेरॉक्सला असा जीव नसतो.

जुनीकॅसेट

मूळ गाणं लोकांपर्यंत कसं पोचलं, हे इथल्या तरुण मंडळींना माहीत असावं म्हणून लिहितो. जरा लांबण लागेल.

ट्रेसी क्लीव्हलंडची. शिष्यवृत्तीवर शिकली, टफ्ट्स विद्यापीठात गेली, हार्वर्ड स्क्वेअरला रस्त्याच्या कडेला उभी राहून आणि बॉस्टनच्या कॉफीहाउसांमधून गायची. तिथल्याच एका विद्यार्थ्याचे वडील संगीत प्रकाशनाच्या धंद्यात होते, त्यांच्यामार्फत ती इलेक्ट्रा या रेकॉर्ड कंपनीकडे पोचली. एप्रिल १९८८ मध्ये पहिला अल्बम आला. तो काळ आठवा. सिंथेसायझर, ड्रम मशीन, खांद्याला पॅड लावलेले चकचकीत कोट. त्यात एक मुलगी काळ्या साध्या कपड्यांत, एक गिटार, आणि विषय काय तर गरिबी.

११ जून १९८८. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा कार्यक्रम. मंडेला तुरुंगातच होते. कार्यक्रम साठाहून जास्त देशांत दाखवला जात होता. ट्रेसी तिची गाणी गाऊन मोकळी झाली होती. संध्याकाळी गायक स्टीव्ही वंडरची वेळ आली आणि त्याच्या सिंक्लाव्हियरची (संगणकावर चालणारं कीबोर्ड वाद्य) हार्ड डिस्क गायब असल्याचं ऐनवेळी कळलं. सगळं संगीत तिच्यात. तो स्टेजवर न जाता परतला. एवढं मोठं प्रक्षेपण चालू आणि स्टेज मोकळं. आयोजकांनी पटकन उभं राहू शकेल असं माणूस शोधलं, ज्याला ना बँड लागतो ना जोडाजोडी. ट्रेसी पुन्हा आली, एक माइक, एक गिटार, आणि 'फास्ट कार'. तेवढ्या गर्दीपुढे इतकं हळू गाणं. लोक शांत झाले. त्यानंतर अल्बमची विक्री कुठल्या कुठे गेली. पुढच्या वर्षी तिला तीन ग्रॅमी मिळाले, त्यातला पॉप गायिकेचा याच गाण्यासाठी.

(स्टीव्ही वंडर नंतर दुसऱ्याची वाद्यं घेऊन गायला, त्याचंही कौतुक.)

आता मुद्द्याचं. इतकं उघडं, एका गिटारवर पेललेलं गाणं आहे हे. यात बदलायला आहे तरी काय?

सोनचाफा

जुनीकॅसेट काका, किती सुंदर लिहिलंत. तो वेम्बलीचा व्हिडिओ आत्ता पाहिला. तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूणही नाही.

सहावीतार

काकांच्या प्रश्नाला गिटारवाल्याचं उत्तर.

दुसऱ्या पट्टीवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावायचा. कॉर्डचे आकार चारच : सी मेजर सेव्हन, जी, ई मायनर, डी. कॅपोमुळे कानाला ए मेजर ऐकू येतं. या चारांचं चक्र कडव्यांमध्ये अखंड फिरत राहतं. स्ट्रमिंग नाही, तारा सुट्या छेडायच्या. मजा अशी की खालच्या तारेवर कॉर्ड बदलत असताना वरची एखादी मोकळी तार तशीच घुमत राहते, त्यामुळे चक्र पुढे सरकतं पण पोचत कुठेच नाही. मी मुलांना शिकवतो तेव्हा बोटं तासाभरात बसतात. बसत नाही ते वजन. पहिल्या सुरावर किंचित रेलायचं आणि लगेच सोडून द्यायचं, ते जमलं नाही तर सुरावट घड्याळासारखी टकटक करते.

मग बऱ्याच उशिरा कोरस येतो. कडव्यामागून कडवी होतात, आपण वाट बघून थकतो, आणि एकदम ड्रम्स आत येतात, गिटार भरून वाजायला लागते, ती गाडीतल्या त्या एका रात्रीची आठवण काढते. सगळ्या गाण्यात मोकळा श्वास तेवढाच. कोरस संपला की पुन्हा तेच चार कॉर्ड, पुन्हा तीच नोकरी. मुलगी कुठे अडकलीय ते गिटारच सांगतं.

म्हणून ल्यूकने ती सुरावट ठेवली ते बरोबरच. ती काढली तर गाण्याचा अर्थच निघून जातो. त्याचा बँड जास्त भरलेला आहे, आवाज मोठा आहे, पण कणा तोच. खर्जातला, तुम्ही म्हणता तो नवा अर्थ द्यायला आधीचा अर्थ मोडावा लागला असता.

झणत्कार

मोडून दाखवलाय की एकाने! जोनास ब्लूचं ऐका, २०१५ चं. समुद्रकाठच्या पार्टीला शोभेल असा ठेका, त्यावर हेच शब्द. युकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. बाप दारुडा, शाळा सुटलेली, आणि मंडळी हात वर करून नाचतायत.

सोनचाफा

झणत्कार, एका लग्नात मी ते ऐकलं होतं. नवरा-नवरी नाचत होते आणि माझं सगळं लक्ष शब्दांकडे. 😄

खर्जातला

जोनास ब्लू हे माझ्या बाजूचं उदाहरण म्हणून धरू नका, कृपया. बदल करायचा म्हणजे शब्दांकडे पाठ फिरवायची असं मी कुठे म्हटलं?

सहावीतार, तुमचा प्रतिसाद अप्रतिम आहे आणि सुरावटीचं म्हणणं मान्य. पण गळ्याचं काय? ट्रेसी सगळं गाणं दाबून धरते. कोरसलाही ती ओरडत नाही, जेमतेम पाऊलभर पुढे येते. जिने रडायचं केव्हाच सोडून दिलंय, अशा मुलीचा तो आवाज आहे. ल्यूक कोरसला पूर्ण ताकदीने उसळतो. खरखरीत, मोठा, स्टेडियम भरून टाकणारा गळा. ऐकायला बरं वाटतं, पण ती मुलगी एवढ्या मोठ्याने बोलली असती तर त्या घरात राहिलीच नसती.

अर्धमात्रा

सगळे आवाजाबद्दल बोलतायत, मी रेडिओबद्दल बोलते.

ट्रेसी चॅपमन ही कृष्णवर्णीय बाई. तिचं गाणं तिच्या आवाजात कंट्री रेडिओवर कधी वाजलं नाही. तेच गाणं, सहावीतार म्हणतात तसं कणाही न बदलता, एका गोऱ्या पुरुषाने गायलं आणि पहिल्या क्रमांकावर गेलं. एकटीने लिहिलेलं गाणं कंट्री एअरप्लेच्या पहिल्या जागेवर असलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने 'साँग ऑफ द इयर' दिलं, तेही पहिल्यांदाच एका कृष्णवर्णीय गीतकाराला. गाणं पस्तीस वर्षांचं झाल्यावर!

नीलमोहर, तू म्हणतेस त्याने काहीच बदललं नाही. मला तर हेच सगळ्यात जास्त खुपतं. काही बदललं असतं तर म्हणता आलं असतं की नव्या रूपात लोकांना आवडलं. बदललं फक्त गाणारं माणूस. मग अडचण आधी कशाची होती, ते उघड आहे.

आणि कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत हा समजच खोटा. बँजो आला पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांबरोबर. चार्ली प्राइड या कृष्णवर्णीय गायकाची २९ गाणी कंट्री यादीत पहिली आली. लिंडा मार्टेल १९६९ मध्ये ग्रँड ओल ओप्री या कंट्रीच्या मानाच्या कार्यक्रमात स्टेजवर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आणि तिची कारकीर्द एका अल्बमवर आटोपली.

हायवेकर

अर्धमात्रा ताई, रेडिओबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. मी ती स्टेशनं रोज ऐकतो. कृष्णवर्णीय बाईचा आवाज तिथे फार क्वचित लागतो.

पण यात ल्यूकला का धरायचं? तो पहिल्यापासून प्रत्येक ठिकाणी तिचं नाव घेतोय. सिंगल म्हणून वाजवायचा बेतही मुळात नव्हता, अल्बमातलं एक आवडतं गाणं म्हणून घेतलं आणि लोकांनीच उचललं.

अर्धमात्रा

हायवेकर दादा, ल्यूकला मी धरतच नाहीये. तो सज्जनच वागला. माझं भांडण दाराशी उभं राहून कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्यांशी आहे. आणि एखादं कव्हर 'चांगलं झालं' म्हणताना ते कुणासाठी कुठलं दार उघडलं आणि कुणासाठी नाही, हे बोललं गेलंच पाहिजे.

दस्तऐवज

पैशाची बाजू अजून कुणी मांडली नाही. माझा कामाचा विषय आहे, म्हणून सविस्तर.

अमेरिकेत एखादं गाणं एकदा रीतसर प्रसिद्ध झालं की कुणीही त्याचं कव्हर ध्वनिमुद्रित करू शकतं. गीतकाराची परवानगी लागत नाही, ठरलेला मोबदला द्यावा लागतो. ही तरतूद १९०९ च्या कायद्यापासून आहे, तेव्हा प्रश्न पियानोच्या कागदी रोलचा होता. २०२३ मध्ये पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे १२ सेंट असा दर होता. स्ट्रीमिंगचा हिशोब वेगळा. आता नीलमोहर यांच्या प्रश्नासाठी गंमतीची अट : आपल्या शैलीप्रमाणे मांडणी करायची मुभा आहे, पण मूळ चाल आणि गाण्याचं मूळ स्वरूप बदलायचं नाही. बदलायचं असेल तर मालकाच्या दारात जावं लागतं.

ट्रेसीच्या दारात जाणं सोपं नाही. २०१८ मध्ये रॅपर निकी मिनाजने तिच्या 'बेबी कॅन आय होल्ड यू' मधल्या ओळी आणि चाल घेऊन गाणं बनवलं. परवानगी मागितली, ट्रेसीने नाही म्हटलं. अल्बममध्ये गाणं आलं नाही, पण एका डीजेच्या हाती लागून रेडिओवर वाजलं. ट्रेसीने दावा लावला. शेवटी साडेचार लाख डॉलर देऊन प्रकरण मिटलं.

दुसरं, अमेरिकेतल्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात ते गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला नाही! म्हणजे हायवेकर यांच्या ट्रकमध्ये ल्यूकचा आवाज घुमला, त्या वाजण्याचे पैसे ट्रेसीच्या बाजूला गेले, कारण गाणं तिने एकटीने लिहिलंय.

अर्धमात्रा यांच्या मुद्द्याला धरून एक तुलना करावीशी वाटते. 'हाउंड डॉग' बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने १९५३ मध्ये गाजवलं. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्लीने गायलं आणि ते जगभर झालं. पण ते लिहिलं होतं लीबर आणि स्टोलर या जोडीने. थॉर्नटन फक्त गायिका, त्यामुळे एल्व्हिसच्या यशातून तिच्या हाती काही पडलं नाही. ट्रेसीच्या वेळी रेडिओचं दार तिच्या आवाजाला बंद राहिलं, पण मालकी तिची होती. हा फरक फार मोठा आहे.

नीलमोहर

दस्तऐवज, यातलं बरंचसं मला नवीन आहे. त्या कायद्याच्या अटीचं तर फारच आवडलं.

स्वरलेखा

मालकीवरून कंट्री गायिका डॉली पार्टन आठवली. 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' तिने १९७३ मध्ये लिहून गायलं. एल्व्हिसला गायचं होतं, सगळं ठरत आलं होतं, आणि त्याच्या मॅनेजरने प्रकाशन हक्कात अर्धा वाटा मागितला. डॉलीने एल्व्हिसला नाही म्हटलं. त्या काळात! पुढे १९९२ मध्ये 'द बॉडीगार्ड' या चित्रपटासाठी व्हिटनी ह्यूस्टनने गायलं, हॉट १०० वर १४ आठवडे पहिलं, आणि हक्क सगळे डॉलीकडे.

आणि खर्जातला, तुम्हाला हवं तसं बदललेलं कव्हर ते हेच. सुरुवात नुसत्या गळ्यावर, एकही वाद्य नाही. मग हळूहळू सगळं येतं, सॅक्सोफोन होतो, एक शांत क्षण, ड्रमचा एक ठोका आणि पट्टी ए वरून बी वर. डॉलीचं ऐकलं तर एखादी बाई उंबऱ्यात उभी राहून हलक्या आवाजात निरोप घेतेय. दोन्ही खरी.

खर्जातला

स्वरलेखा, अगदी मनातलं बोललात. व्हिटनीला ते गाणं स्वतःच्या उंचीवर न्यायचं होतं आणि तिच्यात ती ताकद होती.

झणत्कार

पण व्हिटनीच्या त्या ठोक्यानंतर जगातल्या प्रत्येक गाण्याच्या स्पर्धेत जे झालं त्याला जबाबदार कोण? 😄

सोनचाफा

व्हिटनी-डॉलीचा वेगळा धागा काढा कुणीतरी, मी नक्की येईन.

मला इथे एक सांगायचंय. माझ्या घरी वडिलांचं पिणं होतं. आई होती, पण नोकरीला, त्यामुळे संध्याकाळचं मी बघायचे. खर्जातला म्हणाले की ती मुलगी एवढ्या मोठ्याने बोलली असती तर तिथे राहिली नसती. ते अगदी खरं आहे. त्या घरांत आवाज खालीच ठेवायची सवय लागते. बशी ठेवली तरी आवाज होऊ द्यायचा नाही. ट्रेसीचं ऐकताना मला ते आठवतं.

पण घर सोडल्यावर, सगळं मागे पडल्यावर, एकदा गाडीत एकटी असताना मी मोठमोठ्याने गायले होते. ल्यूकच्या कोरसमध्ये मला ते मिळतं. म्हणून मी दोन्ही ऐकते. कुठलं ऐकायचं ते त्या दिवसावर ठरतं.

खर्जातला

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ल्यूकच्या आवाजाकडे या बाजूने पाहायला तुम्ही लावलंत.

जुनीकॅसेट

सोनचाफा, लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

नीलमोहर

सोनचाफा, मनापासून आभार.

आता ग्रॅमीबद्दल, कारण त्याशिवाय हा धागा अपुरा आहे. ४ फेब्रुवारी २०२४, ग्रॅमी सोहळ्यात ट्रेसी आणि ल्यूक हे गाणं एकत्र गायले. ट्रेसी कित्येक वर्षं लोकांपासून दूर, शेवटचा स्टुडिओ अल्बम २००८ चा, मोठे दौरे तेव्हाच थांबलेले. सुरुवातीला कॅमेरा गिटारवरच्या बोटांवर. सहावीतार, तुम्ही सांगितलेलं ते पहिल्या सुरावरचं रेलणं तिथे डोळ्यांनी दिसतं. मग कॅमेरा वर जातो, पिकलेले केस, तिचा चेहरा, आणि सभागृहात जो आवाज होतो त्यावर ती हसते.

पहिलं कडवं ती गाते. ती गात असताना ल्यूककडे बघा. त्याचे ओठ हलतायत, सगळे शब्द तोंडपाठ, आणि नजर तिच्यावरून हटत नाही. स्टेजवर इतका मोठा गायक एखाद्या चाहत्यासारखा उभा आहे. त्याचं कडवं येतं तेव्हा तो जोर कमी करून गातो, रेकॉर्डपेक्षा कितीतरी आवरून. शेवटी तिच्याकडे वळून कमरेत वाकून नमस्कार करतो. त्या रात्रीनंतर आयट्यून्सच्या यादीत पहिलं आलं ते ट्रेसीचं मूळ गाणं.

अर्धमात्रा, दाराबद्दल तू म्हणालीस ते सगळं मला मान्य आहे आणि या एका रात्रीने ते फिटत नाही. पण त्याने शब्द फिरवून, मुलीचा मुलगा करून, चाल बदलून गाणं आपलं करून घेतलं असतं, तर त्या रात्री दोघांना एकच गाणं एकत्र गाता आलं असतं का?

अर्धमात्रा

नसतं आलं. हे पटलं.

कंट्री यादीत नाव आलं तेव्हा ट्रेसी म्हणाली होती की तिथे असू असं वाटलं नव्हतं, पण सन्मान वाटतो, आणि ल्यूकच्या यशाचा आनंद आहे. तिने मोजक्या शब्दांत सांगितलं आणि पुन्हा आपल्या घरी गेली. तिच्या वतीने तिच्यापेक्षा जास्त रागवायचा हक्क मला नाही, पण रेडिओवरचा माझा राग माझा आहे, तो मी ठेवणार.

सहावीतार

ठेवाच.

खर्जातला, एक विचारायचं राहिलं. शेवटच्या कडव्यात सर्वनाम बदलतं ते तुमच्या लक्षात आलंय का? आधी सगळं गाणं 'आपण' मध्ये आहे. आपण निघून जाऊ, आपण ठरवू. मग तो मित्रही बापासारखाच पिऊ लागतो, घर तीच चालवते, आणि शेवटी ती त्याला म्हणते, तुझ्याकडे गाडी आहे, तूच जा, तू ठरव. ज्या गाडीतून सुटायचं स्वप्न होतं तिनेच त्याला घालवते. कॉर्ड मात्र तेच चार.

खर्जातला

आलंय, आणि माझा खरा निकाल तिथेच लागतो. ट्रेसी तिथे आवाज वाढवत नाही, कमीही करत नाही. बिल देऊन सुटे पैसे परत करावेत इतक्या सरळपणे ते म्हणते आणि अंगावर येतं. ल्यूकच्या रेकॉर्डमध्ये तोवर गाणं इतकं तापलेलं असतं की हा बदल ओघात निसटतो. नीलमोहर, त्याने शब्द राखले याचं श्रेय तुमच्यामुळे मी त्याला पूर्ण देतो. पण ते एक कडवं ऐकायला मी ट्रेसीकडेच जाणार.

नीलमोहर

त्या कडव्यापुरतं मीही.

हायवेकर

मी आज दोन्ही पाठोपाठ ऐकली. शेवटच्या कडव्याबद्दल खर्जातला साहेबांचं खरंय. ग्रॅमीत मात्र ल्यूकने ते आवरून घेतलंय, तेही ऐका.

आता अल्बममधलं 'बिहाइंड द वॉल' लावलंय. गाडी बाजूला घ्यावी लागली.

जुनीकॅसेट

त्यात एकही वाद्य नाही, हायवेकर. भिंतीपलीकडे बाईला मारहाण होतेय, पोलीस येतात तर उशिराने. नुसत्या गळ्यावर गायलंय, त्या चकचकीत काळात.

खर्जातला

त्याचं कव्हर करायला कुणी धजेल असं वाटत नाही.

नीलमोहर

धजलंच कुणी, तर शब्द जसेच्या तसे ठेवावेत. आणि खर्जातला, तुमच्यासाठी म्हणून, आवाजही खाली.